उताणा पडला म्हणजे मेला नव्हे

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. मी त्रेचाळीस वर्षांची बाई आहे, म्हैसूरमध्ये आईच्या घरात राहते आणि माझ्या खोलीत एक टॅरेंटुला आहे. हो, तोच, मोठा केसाळ कोळी. फक्त माझा अजून मोठा व्हायचाय. घरी आणला तेव्हा तो पाय पसरून माझ्या अंगठ्याच्या नखावर मावला असता आणि त्याचं पोट मोहरीच्या दाण्याएवढं होतं. "असलं कुणी पाळतं का?" असं मला इतक्यांनी विचारलंय की आता मी समजावून सांगत बसत नाही. मी पाळते. झालं.

शहराबाहेर, येलवालच्या पुढे एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी नोकरी करते. हा कोळ्यांचा शौक तिथल्या माझ्या सहकारणीचा. तिला चेन्नईला जायचं होतं. मोठे दोन कोळी ती बरोबर नेणार होती, पण हे पिल्लू प्रवासात टिकणार नाही म्हणून तिनं डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अक्का, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." दोन वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी डबी उचलली आणि पर्समध्ये ठेवली.

दोन वर्षं का म्हणते ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी पंधरा वर्षांचं लग्न मोडून परत आले. मी मोडलं, हे मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या गल्लीत "बिचारीला टाकलं" अशी बातमी आहे आणि ती साफ खोटी आहे. पण आल्यावर पहिला महिना मी भिंतीकडे तोंड करून पडून होते, हे मात्र खरं. आई दर जेवणाला ताट घेऊन यायची. "चार घास तरी खा." मी हललेच नाही तर ताट स्टुलावर ठेवून जायची, आणि वरण थिजेपर्यंत ते ताट तिथंच. दारातून डोकावून दादा वहिनीला हळूच म्हणाला होता, "हिचं संपलं गं आता." माझे कान काही पडून नव्हते.

कुणी स्पष्ट बोललं नाही, पण घरात माझी जागा बदलली. आमच्याकडे दसऱ्याला दोन्ही चालतं. देवघरात मराठी रिवाजाचे घट आणि हॉलमध्ये म्हैसूरच्या पद्धतीनं पायऱ्यांवर गोंबे, म्हणजे बाहुल्या मांडायच्या. दर वर्षी निदान एक तरी नवी गोंबे हवीच, आणि आमच्या घरात ती लग्न होऊन गेलेल्या लेकीनं आणायची असा शिरस्ता. पंधरा वर्षं मी आणली. तबला वाजवणारं माकड आणलं, लाकडी हत्ती आणला, एका वर्षी तर तराजूसकट वाण्याचं अख्खं दुकान आणलं. परत आले त्या वर्षी नवी गोंबे वहिनीनं आणली. मला कुणी नको म्हटलं नाही. आणशील का, असंही कुणी विचारलं नाही. मला ते फार झोंबलं, आणि झोंबलं हे कुणाला कळू दिलं नाही.

तर अशा घरात मी कोळी घेऊन आले.

दादाची तऱ्हा सांगायलाच हवी. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते, हे तो पाहुण्यांना चहा यायच्या आत सांगतो. आयुधपूजेला त्यांची तलवार काढतो, पुसतो, फोटो काढून चार जणांना पाठवतो. असा हा शूर वंशज माझ्याशी बोलताना उंबऱ्याच्या बाहेर उभा राहायला लागला, का, तर आत नखाएवढा कोळी! "दात असतात त्याला," असं मला सांगायचा. मी म्हटलं, "तुलाही आहेत. मी घर सोडून गेले का?"

कोळ्याला नाव मी दिलं नाही. आमच्या घरात नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर कशाला.

त्याची काळजी फार घ्यावी लागत नव्हती, पण जी लागायची ती नेमकी होती. चटणीच्या डबीएवढी पारदर्शक डबी, झाकणाला सुईनं पाडलेली भोकं, आत दोन बोटं कोकोपीट, म्हणजे नर्सरीत मिळतो तो नारळाचा भुसा, किंचित ओला. पाणी वाटीत नाही द्यायचं, कडेला एक थेंब सोडायचा. खाणं बुधवारी आणि रविवारी. पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्याकडून मी बारीक आळ्या आणायची आणि गव्हाच्या कोंड्यात ठेवायची. त्यातली एक घ्यायची, चिमट्यानं तिचं डोकं चिरडायचं, अर्धी कापायची आणि डबीत ठेवायची. डोकं चिरडायचंच, कारण जिवंत आळी भुशात शिरते आणि उलट त्यालाच चावू शकते. सहकारणीनं दोन गोष्टी मात्र माझ्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. खात नसेल तर आग्रह करायचा नाही. आणि उताणा पडला तर हात लावायचा नाही.

तो खायचा ते बघण्यासारखं असायचं. आळीपासून लांब गप्प बसून राहायचा. वाटायचं, हा काही खात नाही. आणि मग पापणी लवायच्या आत तिच्यावर! एवढासा जीव, पण जेवताना कुणाची भीड नाही. मी डबीला नाक लावून बघायची आणि मनापासून खूष व्हायची.

आई पहिल्या दिवशी "अय्यो, शिव शिव!" म्हणून जी पळाली ती आठवडाभर माझ्या खोलीत आली नाही. पण डबीत जेवणारा जीव आहे म्हटल्यावर तिला राहवेना. दारातून विचारायची, "आज वाढलंस का त्याला?" आठवड्यातून दोनदाच खातो हे ऐकून तिला धक्काच बसला. "दोनदा? बाळाला?" मग एकदा आत आली. मग रोजच यायला लागली. म्हैसूरमध्ये माणसं भेटली की कसं काय विचारत नाहीत, "ऊटा आय्ता?" असं विचारतात, म्हणजे जेवण झालं का. एकदा मी कामावरून लवकर आले तर आई डबीपुढे वाकून तेच विचारत होती. मला बघून पदर सावरत म्हणाली, "सुम्ने, उगाच बघत होते."

भाद्रपदात त्यानं खाणं सोडलं. आळी ठेवली की पाठ फिरवायचा. पोट फुगून काळं, चकचकीत झालं. हे मला ठाऊक होतं. तो कात टाकायच्या बेतात होता. आईला मी नीट सांगितलं, "आता तो खाणार नाही. काही द्यायचं नाही."

"किती दिवस?"

"तीन आठवडे, चार आठवडे. त्याचं तो ठरवेल."

"उपाशी?" आईचा चेहरा असा झाला की जणू मीच त्याच्या तोंडातला घास काढून घेतलाय.

त्याच आठवड्यात दादानं उंबऱ्याबाहेरून फर्मान काढलं. "घट बसायच्या आत हे घरातून गेलं पाहिजे. नऊ दिवस लोक येतात गोंबे बघायला."

"गोंबे बघायला येतात. माझी खोली बघायला नाही."

"नाहीतर मी उचलून टाकीन."

"टाक की. ये आत आणि उचल."

तो आला नाही. पण मी दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना खोलीला कडी घालायला लागले. स्वतःच्या आईच्या घरात, स्वतःच्या खोलीला. याचा राग मला अजून आहे.

घट बसायची सकाळ उजाडली. मी हॉलमध्ये आंब्याचं तोरण बांधत होते. वहिनी पायऱ्यांवर पसरायला जुनी रेशमी साडी काढायला माझ्या खोलीतल्या कपाटाकडे गेली आणि आतून ओरडली, "मेलं! अहो, मेलं ते!" आवाजात दुःख कमी आणि सुटका जास्त.

मी धावले. दादाही आला, केराची सुपली घेऊन. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझा उंबरा ओलांडला. जिवंत होता तेव्हा याची हिंमत झाली नाही, मेला म्हटल्यावर मात्र लगेच आत.

"बरं झालं, आपणहून सुटलं," तो म्हणाला. "दे इकडे. मेलेलं जनावर घरात ठेवून घट बसत नाहीत."

मी डबीच्या आड उभी राहिले. आत त्यानं रुमालासारखं पांढरं जाळं विणलं होतं आणि त्यावर तो उताणा पडला होता. आठही पाय पसरलेले. हालचाल नाही.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "कात टाकतोय तो."

"उताणा पडलाय, हलत नाही. आणखी काय असतं मरण?"

"मेलेला कोळी पाय पोटाशी घेतो, मूठ वळल्यासारखे. याचे पसरलेत. बघ तरी डोळे उघडून!"

"तुला काय, सगळं जिवंतच वाटतं."

"हो, वाटतं. मीही महिनाभर अशीच पडले होते ना? तेव्हा पण तू दारातून बघूनच ठरवलं होतंस, हिचं संपलं म्हणून."

वहिनी साडीची घडी उगाच उलगडून परत घालायला लागली. आणि तेवढ्यात मला डबीच्या कडेला भुसा हललेला दिसला. एक आळी. चांगली अख्खी, डोक्यासकट, जिवंत, जाळ्याकडे सरकणारी.

कात टाकताना त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. तो पळू शकत नाही, चावू शकत नाही. आळीनं तिथंच कुरतडायला घेतलं तर संपलाच. "कुणी टाकली ही?" मी ओरडले. "आत कुणी टाकली?"

आई दारात उभी होती. हातात घटात पेरायच्या सात धान्यांचं ताट. "मी," ती म्हणाली. "काल महालय अमावास्या होती. कावळ्याला वाढलं, गाईला वाढलं, मुंग्यांना साखर घातली. घरातलाच एक जीव उपाशी कसा ठेवू? तुझ्या डब्यातली लहानशी बघून टाकली."

आता तिला काय बोलायचं? पितरांच्या दिवशी दारावरच्या मुंगीलासुद्धा उपाशी न ठेवणारी माझी आई. डोकं चिरडायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. चिमटा घेऊन मी झाकण उघडलं. डावा हात उजव्याला टेकवून धरला. जाळ्याला धक्का लागता कामा नये. दोनदा आळी निसटली. तिसऱ्यांदा मी तिला पकडलं, बाहेर काढलं आणि चपलेखाली चिरडलं. तिनं किती वेळ काय केलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. त्याचा एक पाय मात्र मला वाकडा दिसला.

आणि मग मी आईवर फुटले. "सांगितलं होतं ना तुला? आग्रह करू नकोस म्हणून सांगितलं होतं ना? जीव जाईल त्याचा तुझ्या या वाढण्यापायी!"

आई हळूच म्हणाली, "तू जेवत नव्हतीस तेव्हा पण मी ताट ठेवून जायची. त्यानंच उठलीस ना?"

"नाही! त्यानं नाही उठले. तेव्हाही मला नको होतं. रोज ते ताट बघून मला अपराध्यासारखं वाटायचं. मला जेवण नको होतं आई, मला नुसतं पडू द्यायला हवं होतं. माझी मी उठणार होते."

हे सणाच्या सकाळी, तिच्या हातात धान्याचं ताट असताना बोलायला नको होतं, हे मला बोलतानाच कळत होतं. तरी मी ते परत घेतलं नाही. दोन वर्षं गिळलेलं होतं आणि ते खरं होतं.

दादानं मोबाईलवर वेळ बघितली. "मुहूर्त निघून चाललाय. आई, सांग तिला काहीतरी. मेलेलं घरात ठेवून..."

आईनं त्याच्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "जिवंत आहे ना?"

"आहे."

"नक्की?"

आळीनं काय केलं होतं ते मला माहीत नव्हतं. तो त्यातून उठेल की नाही तेही माहीत नव्हतं. "नक्की," मी म्हटलं.

"मग घट अडलेत कुठं?" आई दादाला म्हणाली. "घट मी बसवते का तू? ती सुपली ठेव जागेवर आणि हात धू."

ती सगळी गेली आणि मी डबीपाशी स्टूल ओढून बसले. देवघरातून घंटा ऐकू आली. दादानं आरतीला दोनदा हाक मारली. मी गेले नाही. जन्मात पहिल्यांदा घरात असून मी घटाची आरती चुकवली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. माझं ध्यान इथं होतं. वाटत होतं, ऊठ रे. या लोकांना दाखव. आणि मग लाज वाटली, कारण त्याला कुणाला काही दाखवायचं नव्हतं, ते मलाच दाखवायचं होतं.

बऱ्याच वेळानं त्याची कात फाटली. मग घट्ट बाहीतून हात काढावा तसे पाय बाहेर यायला लागले. थोडेसे ओढायचे, थांबायचं, पुन्हा ओढायचे. फिकट, जवळजवळ पारदर्शक पाय. एक, दोन, चार, सहा, सात. आठवा येईना. तो वाकडा होता तोच. त्यानं ओढला, थांबला, ओढला. शेवटी तो पाय त्यानं कातेतच सोडून दिला आणि सरळ बाजूला झाला. मला रडू कोसळलं. दुःख होतं की आनंद, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"येऊ का?"

आई दारात होती. हातात प्रसादाची वाटी. माझ्या खोलीत यायच्या आधी तिनं असं विचारलेलं मला आठवत नाही, ना लहानपणी, ना गेल्या दोन वर्षांत. मी मान हलवली. ती आली, चष्मा लावला, डबीपुढे वाकली आणि मोजायला लागली. मग पुन्हा मोजलं.

"सातच आहेत."

"एक आत राहिला."

"माझ्यामुळे?"

"असेल," मी म्हटलं. खोटं सांगून तिची समजूत घालायची मला इच्छा नव्हती. "पण तो परत येतो. पुढच्या एकदोन कातींत पुन्हा फुटतो."

"खरं?"

"खरं."

तिनं चष्मा काढला. वाटी स्टुलाशेजारी ठेवायला वाकली आणि अर्ध्यावर थांबली. "भूक लागली की ये," म्हणाली, आणि वाटी परत घेऊन गेली.

तिसऱ्या माळेला मी ती कात चिमट्यानं काढली. सहकारणीनं फोनवर सांगितलं तशी पाण्याच्या थेंबानं मऊ केली आणि कापसावर तिचे पाय सुईनं एकेक पसरले. हुबेहूब छोटा कोळी झाला. आठ पायांचा. आई शेजारी बसून बघत होती. वाळल्यावर तिनं तळहात पुढे केला. "दे."

मला वाटलं, देवघरात वगैरे ठेवते की काय. ती हॉलमध्ये गेली आणि सगळ्यांदेखत पायऱ्यांवर ती कात मांडली, मी आणलेल्या वाण्याच्या दुकानाशेजारी, खाली लाल कापडाचा चौकोन घालून.

"आई!" दादा पेपर टाकून उठला. "हे काय? लोक काय म्हणतील?"

"विचारतील. विचारलं की सांगेन."

वहिनीची यंदाची गोंबे, वीणा घेतलेली बाई, वरच्या पायरीवर होती. वहिनीनं एकदा तिकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि कुणाला काही न बोलता दिव्यात तेल घालायला गेली. त्याबद्दल मी तिचे आभार मानते, तोंडावर कधी मानले नाहीत.

संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या, बरोबर त्यांच्या दोन सुना. या त्याच बाई, ज्यांनी गल्लीत माझी बातमी पसरवली होती. मी उसळीचे द्रोण घेऊन उभी. हत्तीचं कौतुक करत त्या खालच्या पायरीकडे वळल्या आणि दुकानापाशी थबकल्या. बोट न लावता वाकून बघितलं. "इदु एनु?" हे काय, म्हणून आईला विचारलं.

आईनं कन्नडमध्येच उत्तर दिलं, सगळ्या खोलीला कळेल अशा आवाजात. ही यंदाची नवी गोंबे. आमच्या लेकीनं आणली.

"आणि हे जिवंत..." बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"ही नुसती कात. तो आत आहे, तिच्या खोलीत," आई म्हणाली. "सध्या जेवत नाही. आम्ही आग्रह करत नाही."

माझ्या हातातले द्रोण कलंडायला लागले, तेव्हा मी ते खाली ठेवले.